‘दिवस भरले’ म्हणजे नेमके कधी?

मंगळवार पेठेतल्या एका वाचक ताईंनी विचारलंय: वहिनीचं सिझेरियन 37 आठवड्यांवर झालं. डॉक्टर म्हणाले, बाळ वेळेतलं आहे. आत्या मात्र म्हणते, “दिस भरलं न्हवतं.” यात बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत, पण शब्द आत्याचा जास्त नेमका.

37 आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, ही वैद्यकातली जुनी रेघ. त्यामुळे 37 ते 42 आठवड्यांतली सगळी बाळं एकाच माळेत ओवली जायची. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्ये ती माळ तोडली. 39 पूर्ण झाल्यापासून 41 पूर्ण होईपर्यंतचंच बाळ पुऱ्या दिवसांचं; 37-38 मधलं वेळेतलं खरं, पण लवकरचं. कारण या दोन आठवड्यांतही पोटात बरंच काम चालू असतं. अशा बाळांना धाप लागणं, कावीळ, साखर उतरणं, अंगावर नीट न ओढणं हे 39 नंतरच्या बाळांपेक्षा जास्त दिसतं. कळा न येताच सिझेरियन झालं तर श्वासाचा त्रास आणखी वाढतो, कारण फुप्फुसातलं पाणी हटायला कळांची मदत होते. बहुतेक बाळं सावरतात, पण काहींना काचेची पेटी बघावी लागते.

आता ‘नऊ महिने नऊ दिवस’. हा नुसता यमकाचा खेळ नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, हा डॉक्टरांचा तारीख काढायचा नियम. म्हणजे साधारण 280 दिवस. आपले दोनच दिवस जास्त! पाळीपासूनच मोजायचं आणि महिने चांद्र धरायचे, तर सुमारे 275 दिवस होतात. कसंही मोजा, आकडा 39 ते 41 आठवड्यांच्या आतच पडतो.

घोळ होतो तो ‘नववा लागला’मुळे. नववा लागला म्हणजे आठ संपले, जेमतेम 35 आठवडे. घरात मात्र “नववा लागलाय, आता काय, कधीबी” असं सुरू होतं आणि कुणीतरी सिझेरियनसाठी मुहूर्त काढून आणतं. रक्तदाब चढला, बाळाची वाढ खुंटली, तर डॉक्टर लवकर मोकळं करतात. तिथं थांबणंच धोक्याचं. पंचांग बघून घाई करणं मला तरी पटत नाही.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हेही आपल्याकडे कानावर येतं. आयुर्वेदात आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर मानलंय, त्याच्याशी या समजुतीचं नातं असावं. प्रत्यक्षात उलट आहे: आठव्यातल्या बाळाची फुप्फुसं सातव्यातल्यापेक्षा तयार असतात.

क्रियापदांची साखळी बघण्यासारखी आहे. आधी दिवस ‘जातात’ किंवा ‘राहतात’, मग ‘भरतात’, आणि तारीख उलटली की ‘वर जातात’. 42 पार झाले की बाळाला पोसणारी वार थकू लागते, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर त्याआधीच कळा आणवतात. बाळंतिणीखेरीज दुसऱ्या कुणाचे दिवस भरले म्हटलं, तर अर्थ भलताच होतो, हे तालमीतल्या पोरांना सांगायला नको.

तेव्हा ताई, वहिनीचं बाळ ‘वेळेतलं, पण दिवस भरायच्या आधीचं’ म्हणा. डॉक्टरही नाही म्हणणार नाहीत, आत्याही.