चार बाटल्या रक्त कशाला?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, शुगर आहे. थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होत होती, म्हणून यांनी मेडिकलवरून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून तीन दिवस दिल्या, ताप काही उतरेना, मग त्या असंबद्ध बडबडायला लागल्या, बीपी खाली गेलं आणि ॲडमिट करावं लागलं. तिथे गेल्या गेल्या दोन्ही हातांतून रक्त घेतलं, चार बाटल्या! दीर खूप चिडले. पाच दिवसांनी रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’, तरी डॉक्टर म्हणतात सेप्सिसच होता (इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागतात तो), इंजेक्शनं पूर्ण करा. आता त्या बऱ्या आहेत, पण मग ही टेस्ट उगाच केली का?

उत्तर : ताई, सासूबाई बऱ्या आहेत हे वाचून खूप बरं वाटलं, कारण या वयात, त्यात शुगर, आणि बीपी खाली जाऊन माणूस भ्रमात बोलायला लागतो तेव्हा एकेक तास महत्त्वाचा असतो. ही टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, ती उगाच केली नाही आणि बाटल्याही जास्त नव्हत्या.

सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या टेस्टला, दोन-तीन मिली रक्त पुरतं. ब्लड कल्चरमध्ये जिवंत बॅक्टेरिया शोधायचे असतात आणि मोठ्या माणसात इन्फेक्शन गंभीर असलं तरी एक मिली रक्तात कधी कधी एकसुद्धा बॅक्टेरिया सापडत नाही, इतके ते विरळ असतात. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, आणि एका हाताच्या दोन बाटल्या, एक हवेत वाढणाऱ्या बॅक्टेरियांसाठी, दुसरी हवा नसताना वाढणाऱ्यांसाठी. चारही धरून झालं फार तर ४० मिली. रक्तदानात ३५० मिली घेतात, दिरांना एवढं सांगा. उलट कोणी एकाच बाटलीत दोन मिली रक्त घातलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्या रिपोर्टवर माझा तरी भरवसा बसत नाही.

दोन हात अशासाठी की आपल्या कातडीवरही बॅक्टेरिया राहतात आणि सुईबरोबर बाटलीत शिरतात. एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस नावाचा बॅक्टेरिया वाढला तर तो बहुतेक कातडीवरचा, पण दोन्ही हातांच्या बाटल्यांत एकच बॅक्टेरिया आला तर तो रक्तातलाच समजायचा (स्टॅफ ऑरियस हा घातक बॅक्टेरिया मात्र एका बाटलीत आला तरी सोडून द्यायचा नाही). म्हणूनच चांगली सिस्टर कातडी पुसल्यावर अर्धा मिनिट ती वाळू देते, बाटलीचं रबरी झाकणही स्पिरिटने पुसते आणि पुसलेल्या जागी शीर चाचपायला परत बोट लावत नाही. तिला घाई करू नका.

आता ‘नो ग्रोथ’, म्हणजे बाटलीत बॅक्टेरिया वाढले नाहीत. बाटल्या मशीनमध्ये ३५ ते ३७ डिग्रीवर ठेवतात, बॅक्टेरिया वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो मशीनला बाटलीच्या तळाशी कळतो. वाढ व्हायची असली तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांतच होते, तरी पाच दिवस वाट बघतात. पण तुमच्याकडे आधी तीन दिवस गोळ्या झाल्या होत्या ना, तिथेच गोची झाली. त्या गोळ्यांनी सासूबाई बऱ्या झाल्या नाहीत, पण बाटलीत बॅक्टेरिया वाढू न द्यायला तेवढं औषध पुरतं. अमेरिका-कॅनडातला २०१९चा एक अभ्यास आहे, सेप्सिसच्या पेशंटांचं अँटिबायोटिकआधी घेतलेलं कल्चर ३१ टक्के जणांत पॉझिटिव्ह होतं, त्याच लोकांचं औषध दिल्यावर दोन तासांच्या आत परत घेतलं तर १९ टक्के. दोन तासांत एवढा फरक, मग तीन दिवसांत काय होईल! आणि औषधाआधी घेऊनही कितीतरी जणांचं निगेटिव्हच आलं, म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टवरून सेप्सिस नव्हता असं म्हणता येत नाही. इंजेक्शनं पूर्ण करायला सांगितली ते बरोबरच.

कल्चर पॉझिटिव्ह आलं असतं तर एक-दोन दिवसांत बॅक्टेरियाचं नाव आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं हे कळलं असतं, कदाचित महागडं इंजेक्शन बंद करून साधं देता आलं असतं. म्हणून कळकळीने सांगते, थंडी वाजून ताप येत असेल आणि माणूस थकत चालला असेल तर मेडिकलवरून अँटिबायोटिक आणू नका, आधी डॉक्टरकडे जा. त्यात शुगरवाली वयस्कर माणसं असली तर अजिबातच नाही.

प्रश्न : भाच्याला पाच दिवस ताप आहे, टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टर तरी कल्चर करा म्हणतात. टायफॉइड तर कळलाच, मग कशाला? (रामबाग, इंदूर)

उत्तर : विडालवर जाऊ नका. ती बॅक्टेरिया शोधत नाही, रक्तातल्या अँटिबॉडी मोजते आणि त्या जुन्या टायफॉइडमुळे, लसीमुळे, दुसऱ्या तापामुळेही वाढलेल्या असू शकतात. कल्चरही सगळे पेशंट पकडत नाही, शंभरातले साधारण ४० ते ६०, पण पहिल्या आठवड्यात मिळण्याचा चान्स सगळ्यात चांगला, म्हणजे भाच्याची वेळ अगदी बरोबर आहे. शिवाय टायफॉइडला पूर्वी सर्रास देत ती सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्याकडे बऱ्याचदा चालत नाही, कुठलं औषध चालेल ते कल्चरच सांगेल. अजून अँटिबायोटिक सुरू केलं नसेल तर आजच रक्त द्या, उपाशीपोटी जायची गरज नाही. लॅबवाला घरी येऊन रक्त नेणार असेल तर बाटली आजच्या आज लॅबमध्ये पोचेल ना ते विचारून घ्या, आणि ती फ्रिजमध्ये ठेवायची नसते हेही त्याला सांगा.