कंबर हरवली आहे, नेमकी कुठे?

प्रश्न: वय ४९. दोन बाळंतपणं, त्यातलं एक सिझेरियन. वजन फार नाही, पण पोट पुढे आलंय आणि कंबर सरळसोट झालीय. लायपोसक्शनने आकार परत येईल का?

उत्तर: दोन गोष्टी घरीच तपासा. उभं राहून बेंबीशेजारची कातडी चिमटीत धरा. जाड वळी हातात आली, तर ती त्वचेखालची चरबी. लायपोसक्शनची नळी तीच ओढते. चिमटीत फारसं काही येत नसेल आणि पोट मडक्यासारखं टणक असेल, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. पाळी जाण्याच्या सुमारास ती वाढतेच. तिथवर कोणताच सर्जन नळी घालत नाही. आहार आणि व्यायामाने ती उतरते.

मग उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोकं जरा उचला. बेंबीच्या रेषेत दोनपेक्षा जास्त बोटं रुतली, तर गरोदरपणात दुरावलेले स्नायू अजून जवळ आलेले नाहीत. मग नुसतं लायपोसक्शन करून पैसे घालवू नका. पोट पुढेच राहील, वर कातडी लोंबेल. अशा वेळी टमी टक. ओटीपोटावर एका खुब्यापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात, कातडी बरगड्यांपर्यंत सोडवतात, स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, उरलेली कातडी कापतात आणि बेंबी नव्या छिद्रातून बाहेर काढतात. सिझेरियनचा व्रण बहुधा त्या कापलेल्या भागातच जातो. नवा व्रण मात्र लांबलचक आणि कायमचा. बेंबीखाली काही महिने बधिरपणाही राहतो. कंबरेची खाच खरी बाजूच्या वळ्या काढल्यावर दिसते, म्हणून तिथे जोडीला लायपोसक्शन करतात.

बिघडतं कुठे? सोडवलेल्या कातडीखाली पाणी साचतं, म्हणून नळ्या ठेवतात. दिवसाचा स्राव साधारण ३० मिलीच्या खाली आला की काढतात. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि सोडवलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो; मग कडा काळ्या पडून सडतात. पायात गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी, कंबरेत वाकूनच का होईना, चालायला लावतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधी सांगा, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागली किंवा दम लागला, तर तडक हॉस्पिटल गाठा. ६ आठवडे जड उचलायचं नाही, पोटाला आवळून बांधायचा पट्टाही साधारण तेवढाच काळ.

प्रश्न: चरबी गोठवणाऱ्या मशीनने भागेल का?

उत्तर: छोट्या वळीपुरतं. लावलेल्या जागचा थर सुमारे २० ते २५ टक्के पातळ होतो, तोही २-३ महिन्यांत. सैल कातडी आणि दुरावलेले स्नायू जसेच्या तसे. क्वचित उलटही होतं: मशीनचा कप लावला तेवढीच जागा फुगून घट्ट होते. ती आपोआप ओसरत नाही, शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागते.