इंग्लंडच्या आडगावांतल्या रेल्वेच्या सिग्नल केबिन दुमजली आणि काचांच्या का असतात?

काचा गाड्या दिसाव्यात म्हणून, एवढं तुम्ही ओळखलं असेलच. सिग्नलमनला प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याचा दिवा पाहावाच लागे. तो दिसला, म्हणजे मागे डबा सुटून राहिलेला नाही. मग मागच्या केबिनला घंटेने तसं कळवायचं.

मला मात्र जास्त महत्त्वाची वाटते ती खालची, जवळजवळ बिनखिडक्यांची खोली. वरच्या मजल्यावर सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) हलवायच्या लिव्हरची टोकं तिथे उतरतात आणि लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना अडवून धरतात. सांधा चुकीचा लागलेला असेल तर त्या मार्गाचा सिग्नल पडतच नाही, म्हणजे गाडीला पुढे जायची खूण मिळत नाही. जॉन सॅक्सबीने 1856 मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचं पेटंट घेतलं, त्यातूनच ही पद्धत पुढे आली. पुढे 1889 च्या कायद्याने ब्रिटनमधल्या प्रवासी मार्गांवर अशी व्यवस्था सक्तीची झाली, आणि केबिन खेडोपाडी पोचल्या.

उत्तर इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाइल मार्गावरच्या केबिन मिडलँड रेल्वे या कंपनीच्या. लाकडी भिंतींचे ठरावीक मापाचे भाग डार्बीच्या कारखान्यात तयार व्हायचे आणि जागेवर नेऊन जोडले जायचे. वर चौपाखी छप्पर, खिडक्यांचे वरचे कोपरे तिरके कापलेले. सेटलची 1891 ची केबिन मी आतून पाहिली आहे. कुठल्याही स्टेशनला चालेल असा हा साचा, पण प्रमाणबद्धता फार सुंदर आहे.

याच मार्गावर हॉज जंक्शन, म्हणजे आजचं गार्सडेल. तिथली केबिन 1910 ची, म्हणजे त्या काळी अगदी नवी. त्याच वर्षी 24 डिसेंबरच्या पहाटे सिग्नलमन आल्फ्रेड सटन रात्रपाळीला होते. चढावर गाड्यांना मदत करून आलेल्या इंजिनांची सतत ये-जा चालू होती. त्यातली कार्लाइलकडे निघालेली, एकमेकांना जोडलेली दोन इंजिनं पुढच्या सिग्नलपाशी थांबली होती. अंधार आणि पाऊस. सटन त्यांना विसरले. अशा वेळी इंजिनावरच्या माणसाने केबिनमध्ये येऊन आठवण करून द्यायची, असा नियम होता. तेही झालं नाही. ग्लासगो एक्स्प्रेससाठी सिग्नल पडले आणि ते आपल्यासाठीच समजून इंजिनं निघाली. मागून एक्स्प्रेस आदळली, डब्यांतल्या गॅसच्या दिव्यांमुळे आग लागली, 12 जण गेले.

खालच्या पट्ट्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. सांधे बरोबरच होते. रुळावर काय उभं आहे, हे मात्र त्या पट्ट्यांना कळायची सोय नव्हती. चौकशीनंतर भर आला तो ट्रॅक सर्किटवर: रुळांतून सौम्य वीज सोडायची आणि तिथे इंजिन उभं असेल तर मागचा सिग्नल विजेनेच अडवून ठेवायचा. एका थकलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर एवढा भार टाकणं हा व्यवस्थेचाच दोष होता, असं मला ठामपणे वाटतं.

सेटलची केबिन 1984 मध्ये बंद झाली, 1997 मध्ये थोडी बाजूला हलवून जतन केली गेली. गेलात तर तिथल्या स्वयंसेवकांना विचारून एक सिग्नल पाडा आणि मग त्या मार्गाच्या सांध्याचा लिव्हर ओढून पाहा. खालची खोली काय करते, ते हाताला कळेल.