अर्ज तिचा, भरला तुम्ही

पेडण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलीय, गुण 64 टक्क्यांच्या आसपास. तिला सागरी परिसंस्थांवर संशोधन करायचंय. यांनी तिला न सांगता बी.एड.चा अर्ज भरून टाकलाय आणि विचारलंय, ‘तिला पोहताही येत नाही, ती समुद्रात काय करणार?’

64 टक्क्यांची मला फिकीर नाही. तिच्या नकळत भरलेल्या अर्जाची आहे. बापाचं मन मोडायचं नाही म्हणून ती बी.एड.ला बसेलही. पण उद्या जिच्यासमोर वर्गभर पोरं असतील ती बाई नाइलाजाने तिथे आली असेल, तर त्या पोरांनी काय पाप केलं? शाळा ही कुणाला सुरक्षित ठेवून द्यायची जागा नव्हे. अर्ज आजच तिला दाखवा. ती मनापासून हो म्हणाली, तर पुढचं वाचूही नका.

पोहणं शिकता येतं. सागरी संशोधन म्हणजे डॉल्फिन आणि पाणबुडे, हे चित्र टीव्हीवरचं. प्रत्यक्षात खाडीतला चिखल आणायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरलेले किडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचे आणि मग महिनोन्‌महिने संगणकावर आकडेमोड करायची. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर अट्टल पोहणारीही इथे टिकत नाही. मोरजीला कासवांच्या घरट्यांची राखण करणं चांगलंच, पण तेवढ्याने संशोधन होत नाही, हे तिलाही सांगा. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. ते तापमान रोज नोंदायला लागली की झाली सुरुवात.

वाट सरळ आहे: गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानात एम.एस्सी., मग संशोधनाचं दार उघडणाऱ्या नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलाला, आपल्या दारातच आहे.

पैशांची तुमची काळजी मात्र खरी. जेआरएफ, म्हणजे नव्या संशोधकांची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं. नाही मिळाली तर प्रकल्पावरची नेमणूक, ती प्रकल्पाबरोबर संपते. पीएच.डी.ला पाच वर्षं सहज जातात. मधेच लग्नाचा विषय काढणार असाल, तर तेही आत्ताच बोलून घ्या.

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठेल. तिला पहाटे शापोऱ्याच्या जेटीवर जाऊ द्या. ट्रॉलरच्या जाळ्यात न विकली जाणारी मासळी काय काय येते, ते वहीत लिहू दे. पुढचं पत्र तिने लिहावं, वहीतल्या दोन पानांसकट.