वाचक विचारतात : २६ जुलैला सोसायटीत डीजे लावायचा का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी कर्वेनगरला राहते, वय ७१, मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी त्यांना सुट्टी होती म्हणून मी फॅमिली ग्रुपवर फुलांचा फोटो टाकून 'हॅपी मेमोरियल डे' लिहिलं, तर नातू म्हणाला आजी असं विश करत नाहीत. पण दिवसभर तेच सगळे बार्बेक्यूचे फोटो टाकत होते आणि सून म्हणाली गाद्या-फ्रीजचे मोठे सेल लागलेत. मला काही उलगडाच होईना. हा दिवस नक्की कशाचा? आणि आपल्याकडे असा दिवस आहे का, असला तर सुट्टी का नसते?

उत्तर : काकू, नातवाचं बरोबर आहे. तुम्ही प्रेमानं फुलं टाकलीत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही, उलट त्या दिवसाची सुरुवातच फुलांपासून झालीये. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, दोन्ही बाजूंची मिळून सहा लाखांच्या वर माणसं गेली, म्हणजे घराघरातून कुणीतरी गेलेलं होतं, आणि मग ठिकठिकाणी बायाबापड्या थडग्यांवर फुलं वाहायला जायला लागल्या. ३० मे १८६८ ला पहिल्यांदा देशभर एकाच दिवशी हे झालं, तेव्हा त्याला डेकोरेशन डे म्हणायचे. पुढे १९७१ पासून तारीख बदलून मेचा शेवटचा सोमवार धरला, तीन दिवसांचा लाँग वीकेंड मिळाला आणि तिथूनच ते सेल आणि बार्बेक्यू चिकटले. डॅनियल इनोये नावाचे सिनेटर होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना त्यांचा हात गेला होता, ते वर्षानुवर्षं बिल आणत राहिले की हा दिवस परत ३० मेलाच करा. झालं नाही ते. पण त्यांना काय टोचत होतं ते मला फार पटतं.

आता विश का नाही करायचं? तर तिथे ११ नोव्हेंबरला व्हेटरन्स डे असतो, तो सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांचा, त्या दिवशी जिवंत माणसाला थँक यू म्हणायचं. मेमोरियल डे फक्त जे परत आले नाहीत त्यांचा. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनची मोठी दफनभूमी आहे, तिथे त्या वीकेंडच्या आधी सैनिक स्वतः प्रत्येक दगडापुढे एक छोटा झेंडा रोवतात, अडीच लाखांहून जास्त झेंडे, आणि प्रत्येक झेंडा दगडापासून बरोब्बर एका बुटाच्या अंतरावर, बूट टेकवून मोजून. दुपारी ३ वाजता एक मिनिट जिथे असाल तिथे थांबायचं अशीही पद्धत आहे. पुढच्या वर्षी नातवाला त्या वेळेला फोन करा की, चार घास खाताना एक मिनिट थांबलास का विचारा.

आपल्याकडे एकच असा दिवस नाही, वाटला गेलाय. ३० जानेवारीला हुतात्मा दिन, सकाळी ११ ला दोन मिनिटं स्तब्धता. २६ जुलै कारगिल विजयाचा, १६ डिसेंबर हा १९७१ च्या युद्धातल्या विजयाचा, २१ ऑक्टोबर पोलिसांचा, कारण १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिन्यांच्या गोळीबारात सीआरपीएफचे १० जवान गेले होते. १५ जानेवारीचा सेना दिन वेगळा, तो सैन्याच्या अभिमानाचा, २०२५ ला त्याची परेड आपल्या पुण्यात, खडकीलाच झाली. सुट्टीचं म्हणाल तर मला स्पष्ट वाटतं की नसलेलीच बरी. सुट्टी दिली की एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत गाड्यांची रांग लागते हे आपण दर लाँग वीकेंडला बघतोय, आणि आठवण काढायला ऑफिस बंद असावं लागत नाही.

नातू डिसेंबरात येत असेल तर त्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत घेऊन जा. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १,८०० वर सैनिकांची स्मारकावर नावं आहेत. घाई करू नका, एकेक दगड वाचा. अधिकारी असो की साधा शिपाई, दगडाचं माप तेच. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि कित्येक दगडांवर सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. ते वय वाचायला लागलात ना की काकू, पाय उचलत नाही हो. वीस, बावीस, एकोणीस. आणि मग घोरपडीकडचं आपलं राष्ट्रीय युद्धस्मारक, दक्षिण कमांडचं, १९९८ च्या १५ ऑगस्टला खुलं झालेलं, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं. तिथे पोरं मिग विमानासमोर फोटो काढतात, काढू दे, पण नंतर कोरलेल्या नावांसमोर पण न्या.

प्रश्न : ताई, मी धानोरीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. दरवर्षी २६ जुलैला काहीतरी करतो. यंदा तरुण पोरांना डीजे लावायचाय, देशभक्तीच्या गाण्यांवर डान्स, लहान मुलांची सैनिकाच्या ड्रेसमध्ये स्पर्धा. आमच्या बी विंगमध्ये एक वीरपत्नी राहतात, त्यांचा स्टेजवर सत्कार करायचा असंही ठरतंय. पण त्या गेल्या वर्षी कार्यक्रमातून मधेच उठून गेल्या. आमचं काय चुकतंय?

उत्तर : दादा, तुम्ही हे विचारलंत यातच अर्धं काम झालं, खरंच. डीजे नको. विजयाचा आनंद आहेच, तो करा, १५ ऑगस्टला हवं तेवढं वाजवा, पण कारगिलमध्ये ५२७ जण गेले आणि हजाराच्या वर जखमी झाले, आणि तुमच्या बी विंगमधल्या त्या बाईंना बेसचा दणका बेडरूमपर्यंत ऐकू जातो. त्यांच्यासाठी तो आवाज कसला असेल याचा आधी विचार करा.

सत्काराचं म्हणाल तर आधी त्यांना घरी जाऊन विचारा, दोघी-तिघी बायका जा, चहा घ्या, आणि 'तुम्हाला यायला आवडेल का, की घरीच बरं वाटेल' असं सरळ विचारा. नाही म्हणाल्या तर आग्रह नको आणि त्यांच्यामागे कुजबुजही नको. शाल-श्रीफळ देऊन माईक हातात द्यायचा आणि 'त्या दिवशी काय झालं ते सांगा' म्हणायचं, हे तर अजिबात करू नका. माझ्या ओळखीतल्या एका वीरपत्नी मला म्हणाल्या होत्या की सगळे मला विचारतात ते कसे गेले, ते कसे होते हे कुणीच विचारत नाही. त्यांना कुठली भाजी आवडायची, सुट्टीवर आले की पहिल्यांदा कुठे जायचे, चिडायचे कशावरून. हे बोलायला त्यांना दिवस पुरत नाही. आणि नाव घ्या त्यांचं, लोकांना वाटतं नाव काढलं तर बाई रडतील, अहो त्यांना रोजच आठवतं, तुम्ही घेतलंत तर उलट बरं वाटतं की दुसऱ्या कुणाला तरी आठवतंय.

अजून एक, सोसायटीत असंही घर असेल जिथला मुलगा लढाईत नाही तर अपघातात, हिमस्खलनात, आजारपणात गेलाय. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनला बर्फाखाली १० जवान गेले, तिथे समोर शत्रू कुठे होता? ड्युटीवरच गेले ना. अशी घरं अशा कार्यक्रमात मागे कोपऱ्यात बसतात कारण त्यांना वाटतं आपला मान नाही. त्यांना पुढे बोलवा.

कार्यक्रम छोटा ठेवा. लहान मुलांना ड्रेस घालून 'भारत माता की जय' म्हणायला लावण्यापेक्षा एकेका मुलाला एकेक नाव द्या आणि त्या सैनिकाबद्दल चार वाक्यं शोधून आणायला सांगा. कॅप्टन मनोज पांडे, आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले, ३ जुलै १९९९ ला कारगिलमधल्या खालूबारच्या लढाईत गेले, वय २४. नाव कारगिलचंच हवं असंही नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, एनडीएतलेच, रणगाड्यांची पलटणही पूना हॉर्स, १९७१ च्या जूनमध्ये अधिकारी झाले आणि १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत गेले, सहा महिने सर्व्हिस आणि वय २१. रणगाड्याला आग लागली होती, वरून हुकूम आला बाहेर पड, यांनी कळवलं की माझी तोफ अजून चालू आहे. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दहावीतल्या पोराला हे स्वतः वाचून सांगू दे, मग बघा त्याला डीजेची आठवण येते का. शेवटी दोन मिनिटं शांत उभे राहा, मोबाइल खाली ठेवून, रेकॉर्डिंग नको.

आणि २७ जुलैपासून काय हे पण कमिटीत ठरवा. कुटुंब पेन्शन आता स्पर्श या सैन्याच्या पेन्शनच्या पोर्टलवर गेलीये, दरवर्षी हयातीचा दाखला ऑनलाइन द्यावा लागतो, नाही दिला तर पेन्शन अडकते, आणि वयस्कर बायकांची यात फार धावपळ होते. सोसायटीत निम्मी पोरं आयटीत आहेत, एकानं नोव्हेंबरात जाऊन लॅपटॉप उघडून एवढं करून दिलं तरी खूप झालं.

प्रश्न : मुलाच्या शाळेतून ध्वजदिनाचं पाकीट आलं, छोटे स्टिकर होते. हे पैसे जातात कुठे?

उत्तर : ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून चालू आहे. स्टिकरवरचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. पैसे गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी, अपंगत्व आलेल्या जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरतात. खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याला मार बसून व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात, अशा केंद्रांना या निधीतून मदत जाते. शाळेत द्यायचं राहिलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर कधीही देता येतं, मुलाला बरोबर न्या आणि पावती त्याच्या नावानं घ्या.