कॉपी नंतर मागा, आधी ‘पुसू नका’ असं लेखी द्या

ताई, शेजारच्या प्लॉटवर बेसमेंट खोदताना तुमच्या भिंतीला तडे गेले, समोरच्या सरकारी कॅमेऱ्यात सगळं आलंय, आणि वकीलसाहेब म्हणतात ‘दावा लागू दे, मग कोर्टातून मागवू’. हे वाचून राहवलं नाही. सुदामानगरात आमचं हेच झालं.

दावा कुठे, कसा ते वकील बघतील. तुम्ही आजच फुटेज असलेल्या कार्यालयाला पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं रेकॉर्डिंग पुसू नका, वाद कोर्टात जातोय. आवकचा शिक्का घ्या, एक प्रत स्पीड पोस्टानं. त्यात कॉपी मागू नका. मागितली की नाही म्हणायला त्यांना निमित्त मिळतं.

आम्हाला एका बाबूनं ‘कोर्ट का ऑर्डर लाइए’ म्हणून परत पाठवलं. मग माहिती अधिकाराचा अर्ज लावला. त्यात उत्तराला ३० दिवस. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, काही थांबत नाही. डिस्क भरली की जुन्यावरच नवं चढतं, आणि पुष्कळ ठिकाणी ती महिन्याच्या आत भरते. उत्तर अगदी मुदतीत आलं: ‘रेकॉर्डिंग उपलब्ध नाही.’ कुणी मुद्दाम पुसलं नाही, कुणी खोटं बोललं नाही, सगळं नियमात. याचीच जास्त चीड येते.

लोक म्हणतील, पुरावा दडवला की तो दडवणाऱ्यावरच उलटतो. कायद्यात आहे तसं: पूर्वी एव्हिडन्स ॲक्टचं कलम ११४, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११९. पण न्यायाधीश तसं गृहीत धरू ‘शकतात’, धरायलाच हवं असं नाही. शिवाय तिऱ्हाईत कार्यालयाकडून फुटेज गेलं, तर बिल्डरचं काय बिघडलं? त्याचाही साइटवर कॅमेरा असेल, तर त्यालाही नोटीस द्या. मग ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणायची सोय उरत नाही.

हेच तुम्हालाही लागू आहे बरं. कोर्ट कमिशनरची, म्हणजे जागा बघायला कोर्टानं नेमलेल्या माणसाची, पाहणी (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर २६, नियम ९) होईपर्यंत तडे बुजवू नका. भिंत धोक्याची असेल तर आधी फोटो आणि इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट, मगच गवंडी. व्हॉट्सॲपचं ‘डिसअपिअरिंग’ बंद करा, आणि ज्यात फोटो-मेसेज आहेत तो जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मालकानं मूळ उपकरणच साक्षीला आणून सिद्ध केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं सर्टिफिकेट लागत नाही. तो निकाल जुन्या कायद्यावरचा. नव्या कायद्यातल्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटमध्ये हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइलचा जणू डिजिटल ठसा) भरावी लागते, म्हणून तुमच्या बाबतीत काय लागेल ते वकिलांनाच विचारा. मी वकील नाही, पेशीला चपला झिजवलेला माणूस आहे.

आणि बिल्डर ‘ठीक करवा दूंगा’ म्हणतोय ना? त्याला म्हणावं, एवढंच व्हॉट्सॲपवर टाक.