तुमचे प्रश्न: अमेरिकेतली नोकरी, दवाखाना आणि पेन्शन

मागच्या अंकात अमेरिकेतल्या मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, कपातीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन घेतेय, बाकीच्यांचे प्रश्नही फिरून फिरून याच तीन गोष्टींवर येतात.

प्रश्न: ताई, माझा मुलगा आठ वर्षं अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) नोकरी करतोय. गेल्या आठवड्यात कंपनीने काढलं. सूनबाईला सातवा महिना आहे, तिच्या दवाखान्याचं काय होणार? आणि दर पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचे, पैसे कापत होते, परत यावं लागलं तर ते मिळतील का?
– एक आई

उत्तर: आधी दवाखान्याचं बघू, कारण बाळंतपण कोणासाठी थांबत नाही. कंपनीचा इन्शुरन्स नेमका कोणत्या तारखेला संपतो ते त्याला एचआरकडून लेखी घ्यायला सांगा, काही कंपन्यांत तो शेवटच्या दिवशीच संपतो तर काहींत महिनाअखेरीपर्यंत चालतो. त्यानंतर दोन मार्ग आहेत. पहिला कोब्रा, म्हणजे कंपनीचाच प्लॅन साधारण १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण कंपनी जो हिस्सा भरत होती तोही आता आपणच भरायचा आणि वर २ टक्के, त्यामुळे आकडा फार मोठा होतो. पण डॉक्टर आणि हॉस्पिटल तेच राहतात, सातव्या महिन्यात हे महत्त्वाचं आहे. दुसरा मार्ग मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी बाजाराचा, ओबामांच्या २०१० च्या कायद्याने जो सुरू झाला तो. इन्शुरन्स गेल्यापासून ६० दिवसांत तिथे प्लॅन घेता येतो, एच-वन-बी वाल्यांनाही, आणि सूनबाई आधीपासून गरोदर आहे म्हणून कोणी तिला नाकारू शकत नाही की जास्त पैसे मागू शकत नाही. २०१० च्या आधी स्वतःचा प्लॅन घ्यायला गेलेल्या गरोदर बाईला कंपन्या सरळ नाही म्हणायच्या. हे बदललं ते कोणाच्या मेहेरबानीने नाही, नर्सेस, युनियनवाले, पेशंटच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या म्हणून बदललं, आणि २०१७ मध्ये ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष हा कायदाच रद्द करायला निघाला होता तेव्हा सिनेटमध्ये अगदी थोडक्यात वाचला.

व्हिसाची मुदतसुद्धा नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांचीच असते, म्हणून त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला याच आठवड्यात गाठावं, इन्शुरन्सचं आणि व्हिसाचं, दोन्ही घड्याळं जवळजवळ एकदमच चालू होतात.

आता पैशाचं. सोशल सिक्युरिटीसाठी पगाराचे ६.२ टक्के त्याचे जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं. आठ वर्षांचे त्याचे ३२ होतात. ते पुसले जात नाहीत, पुढे कधी तिकडे परत काम केलं तर तिथूनच मोजतात, पण परत गेलाच नाही तर पेन्शन नाही आणि भरलेले पैसेही परत नाहीत. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांच्याशी अमेरिकेचा करार आहे, तिथल्या माणसाची दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात. भारताशी असा करार नाही, आपलं सरकार कित्येक वर्षं मागतंय. मला हा उघड अन्याय वाटतो, आणि तिकडच्या पुरोगामी मंडळींनी यावर जेवढा आवाज करायला हवा तेवढा ते करत नाहीत हेही मी स्पष्ट म्हणेन. कामगाराने भरलेला पैसा कामगाराचा, मग पासपोर्ट कुठलाही असो.

तुमच्या पत्रात अजून एक वाक्य आहे, की नोकरी गेली तर दवाखाना का जावा. तिकडे हे असं झालं ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, माणसं टिकवायला कंपन्या पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला लागल्या, मग त्यावर टॅक्स सवलत मिळाली आणि ती पद्धत रुजली ती रुजलीच. म्हणून तिकडच्या चळवळीत नोकरी, आरोग्य आणि पेन्शन या तीन मागण्या नेहमी एकत्रच असतात, एक सुटली की बाकीच्या दोन सुटायला वेळ लागत नाही.

प्रश्न: तुमचा लेख एकतर्फी वाटला. धडधाकट माणसाने काम करावं आणि मग सरकारी उपचार घ्यावेत, एवढीच अट घातली तर काय चुकलं? फुकट दिलं की माणूस आळशी होतो.
– एक निवृत्त अधिकारी

उत्तर: सर, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण असं वाटणारे खूप जण आहेत आणि ऐकायला ते बरोबरच वाटतं. पण ही अट प्रत्यक्षात लावून झालेली आहे, तर तिथे काय झालं ते बघू या.

अर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये मेडिकेडसाठी ही अट घातली. सुरुवातीला ३० ते ४९ वयाच्या लोकांना. महिन्याला ८० तास काम किंवा शिक्षण किंवा समाजसेवा, आणि दर महिन्याला ते कळवायचं. कसं कळवायचं, तर ऑनलाइन. सुरुवातीला फक्त ऑनलाइनच, आणि ते पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद. आता ज्याच्याकडे धड इंटरनेट नाही, जो दिवसभर कोंबड्यांच्या कारखान्यात उभा असतो आणि रात्री घरी येतो, त्याने ते भरायचं कधी? वर्ष संपेपर्यंत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ती अट थांबवली. नंतर संशोधकांनी तपासलं की यामुळे निदान रोजगार तरी वाढला का, तर वाढला नव्हता, कारण त्यातले बहुतेक आधीच काम करत होते, किंवा आजारी होते, किंवा घरातल्या कोणाचं तरी करत होते. काम न केल्यामुळे नाही तर फॉर्म न भरल्यामुळे माणसं बाहेर पडली. एखाद्याचं इन्सुलिन एका पोर्टलमुळे बंद होतं हे मला कुठल्याही हिशोबात बसवता येत नाही.

आणि हेच सगळं आता बहुतेक राज्यांत येतंय. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात तीच ८० तासांची अट आहे, १९ ते ६४ वयाच्या लोकांना, ज्या राज्यांनी २०१० च्या कायद्यानंतर मेडिकेड आणखी लोकांना द्यायला सुरुवात केली तिथे, २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची. लहान मुलांच्या आईवडिलांना, अपंगांना, गंभीर आजाऱ्यांना सूट आहे हे खरं, पण सूट आहे हे सिद्ध करायलाही कागदच लागतात ना. हल्ली योजना बंद केली असं कोणी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर मतं जातात, त्याऐवजी फॉर्म वाढतात, ऑफिसातली माणसं कमी होतात, फोन तासतास लागत नाही. म्हणून तिकडचे कार्यकर्ते सध्या भाषणांपेक्षा लोकांचे फॉर्म भरून द्यायच्या कामात जास्त आहेत, आणि मला ते फार मोठं काम वाटतं.

आळशीपणाचं म्हणाल तर तिथला केंद्राचा किमान पगार २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलाय. अनेक राज्यांनी स्वतःचा वाढवला, पण जिथे नाही वाढला तिथे पूर्णवेळ राबूनही माणूस गरीबच राहतो. काम करा म्हणणाऱ्यांनी कामाच्या मोबदल्याबद्दलही तेवढ्याच जोरात बोलावं एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न: माझी बहीण पंचवीस वर्षं तिकडे आहे. सोशल सिक्युरिटी २०३३ मध्ये बुडणार म्हणतात, मग तिने ६२ लाच पेन्शन घेऊन टाकावी का?
– एक वाचक

उत्तर: बुडणार नाही. हा फंड सांभाळणाऱ्या ट्रस्टींच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे निवृत्तीच्या फंडातली साठवलेली रक्कम २०३३ मध्ये संपेल, पण दर महिन्याला पगारातून येणारा पैसा चालूच राहतो आणि त्यातून ठरलेल्या पेन्शनचे साधारण ७७ टक्के देता येतील. ती कपातही टाळता येते. हा टॅक्स एका मर्यादेपर्यंतच्या कमाईवरच लागतो, २०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलर होती, म्हणजे कोट्यवधी कमावणारा त्याच्यापुढच्या कमाईवर काहीच भरत नाही. ही मर्यादा उठवा ही पुरोगाम्यांची जुनी मागणी आहे आणि मला ती पूर्ण पटते. १९८३ मध्येही फंड आटत आला होता, तेव्हा संसदेने दुरुस्ती केलीच.

६२ ला घेतली तर, तिचा जन्म १९६० किंवा नंतरचा असेल तर, पूर्ण पेन्शनपेक्षा ३० टक्के कमी मिळते आणि ती कायमची कमी राहते. पूर्ण हवी असेल तर ६७. तब्येत ठीक असेल आणि घर चालत असेल तर नुसत्या भीतीने घाई करू नये. तिला सोशल सिक्युरिटीच्या सरकारी साइटवर स्वतःचं अकाउंट उघडायला सांगा, तिथे प्रत्येक वर्षाची नोंदलेली कमाई दिसते, ती जुन्या पगाराच्या कागदांशी ताडून बघायची आणि एखादं वर्ष शून्य दिसलं तर लगेच दुरुस्तीचा अर्ज टाकायचा, कारण जितकं जुनं होतं तितके कागद मिळणं अवघड होत जातं.